वननियोजनाचे सामर्थ्य : खात्याचे की गावाचे?

वननियोजनाच्या बाबतीत शासनाची क्षमता वाढविली पाहिजे, हे वचन आपल्याकडे आणि आपल्यासारख्या इतर विकसनशील देशांत गेली पन्नास वर्षे अखंड ऐकू येत आहे. जागतिक बँकेचे अधिकारी ते बोलतात, परदेशी कर्जाचे प्रस्ताव तयार करणारे सल्लागार ते लिहितात आणि मंत्रालयातील सचिव त्याचे भाषांतर करून टिपणीत घालतात. वचन इतके निरुपद्रवी दिसते की त्याला हरकत घेणारा मनुष्य जंगलाचा वैरीच ठरावा. जंगल राखावयाचे तर योजना हवी, योजना करावयाची तर मोजमाप, नकाशे, तज्ज्ञ आणि पैसा हवा. यात वादाला जागा कोठे आहे?

वादाला जागा आहे ती पुढेच. ज्याला सामर्थ्य म्हणावयाचे ते कोणाच्या हाती जाणार, ते कोणत्या कामाला लागणार आणि ज्यांच्या चुलीवर, गुरांवर व मजुरीवर त्याचा परिणाम होणार त्यांना त्यात बोलण्याचा अधिकार राहणार की नाही, हे प्रश्न त्या वचनात जाणूनबुजून गाळलेले असतात. भारतातील वनखाते दुर्बळ आहे म्हणून जंगल गेले, असे मानणे म्हणजे इतिहासाकडे पाठ फिरविणे होय. देशाच्या भूमीपैकी तेवीस टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारे पावणेआठ कोटी हेक्टर भूमी ज्या खात्याच्या दप्तरी 'वन' म्हणून नोंदलेली आहे, ज्याला अटक करण्याचा, माल जप्त करण्याचा आणि गुन्ह्याची तडजोड करून दंड घेण्याचा अधिकार आहे, त्या खात्याला दुर्बळ म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे. नियोजनाची शक्ती चुकीच्या ठिकाणी साठविली गेली, ही खरी व्याधी आहे. ती शक्ती ग्रामसभेकडे नेल्याखेरीज एकही योजना तडीस जाणार नाही, आणि शासनाची क्षमता वाढवावयाची असेल तर ती ग्रामसभेच्या सेवेसाठीच वाढविली पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

योजनेचा जन्म कोणासाठी झाला?

१८६४ साली इंग्रज सरकारने वनखाते स्थापन केले आणि डिट्रिच ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाला त्याचे पहिले प्रमुख नेमले. त्या काळी रेल्वेचे जाळे पसरत होते आणि रुळांखाली घालावयाच्या लाकडी स्लीपरांची गरज अफाट होती. साग, साल, देवदार यांची मोजदाद करावयाची, कोणत्या वर्षी कोणता कूप तोडावयाचा ते ठरवावयाचे आणि महसुलाचा अंदाज बांधावयाचा, या कामातून 'वर्किंग प्लॅन' नावाचा दस्तऐवज आकाराला आला. आज महाराष्ट्रात त्यालाच आपण 'कार्य आयोजना' म्हणतो. या दस्तऐवजात झाडाची गणती होती. मोहाची फुले वेचणाऱ्या बाईची नव्हती. गावाचा उल्लेख आलाच तर तो 'उपद्रव' या सदराखाली येई.

१८७८ च्या वन अधिनियमाने या व्यवस्थेवर कायद्याची मोहोर उठविली. त्या कायद्याचा मसुदा चर्चेला होता तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याला विरोध केला होता आणि जंगलाची राखण गावाच्या सहभागानेच होईल असे बजावले होते, याचे स्मरण आज कितीजणांना आहे? १८८३ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना शेतकऱ्यांची गायराने आणि डोंगरकपारी गिळणाऱ्या या खात्यावर कोरडे ओढले होते. १९३० साली पुसदला लोकनायक अणे यांनी जंगल सत्याग्रह केला, बिळाशीच्या शेतकऱ्यांनी जंगलाच्या कायद्याला आव्हान दिले आणि २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर गोळ्या झाडल्या गेल्या. महाराष्ट्राच्या स्वातंत्र्यलढ्यात मिठाइतकेच गवत आणि सरपण यांनाही स्थान आहे. म्हणजे वननियोजन कोणी करावे हा वाद आजकालच्या पर्यावरणवाद्यांनी काढलेला नाही. तो आपल्या लोकशाही परंपरेच्या उगमाशीच आहे.

स्वराज्य आले, कूप तोच राहिला

स्वातंत्र्यानंतर या दस्तऐवजाचे मालक बदलले, आशय बदलला नाही. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने स्पष्टच सांगितले की, एखादे गाव जंगलाच्या शेजारी वसले आहे या योगायोगामुळे राष्ट्राच्या हक्काला बाध येऊ शकत नाही. राष्ट्र म्हणजे कोण, हे मात्र पुढील तीस वर्षांच्या व्यवहाराने उलगडले. मध्य प्रांतातील मालगुजारी आणि जमीनदारी जंगले सरकारजमा झाली, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीकडील रयतेचे निस्तार हक्क कागदोपत्री राहिले. आणि बांबू मात्र कागद गिरण्यांकडे जाऊ लागला. कर्नाटकात दांडेलीच्या गिरणीला १९५८ च्या सुमारास बांबू टनामागे दीड रुपया दराने देण्याचा करार झाला होता. त्याच बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला बाजारात त्याच्या शेकडो पट किंमत मोजावी लागे. हे दानपत्र वननियोजनाच्या अभावी झाले नाही. रीतसर योजना होती, रीतसर अंदाज होता, रीतसर सह्या होत्या.

या प्रकरणाचा पुढील भाग तर प्रत्येक नियोजनकाराने पाठ करावा असा आहे. सत्तरच्या दशकात बांबू संपत चालल्याची ओरड झाली, तेव्हा डॉ. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. बांबूच्या बेटाभोवती खाली दाट काटेरी जाळी असते. ती साफ केली की बेट मोकळे होऊन चांगले वाढते, असे वनखात्याचे शास्त्र सांगत होते आणि त्याप्रमाणे सफाईवर पैसाही खर्च होत होता. गावकरी म्हणत होते की काटे काढले तर कोवळे कोंब गुरांच्या, वानरांच्या आणि साळिंदरांच्या तोंडी उघडे पडतात. प्रत्यक्ष निरीक्षणान्ती गावकरी बरोबर ठरले आणि शास्त्र चूक ठरले. शिवाय जंगलात बांबू किती आहे याचा ज्या अंदाजावर गिरणीचा सगळा डोलारा उभा होता, तो अंदाजही फुगविलेलाच निघाला. आता सांगा, नियोजनाची क्षमता कोणाजवळ होती? आणि प्रशिक्षणाची गरज कोणाला होती?

तरीही १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने जंगलाच्या ऱ्हासाचा ठपका वनवासी जनतेच्या फुकट सरपण-चाऱ्यावर ठेवला आणि 'उत्पादक वनीकरणा'चा पुरस्कार केला. मिश्र जंगल साफ तोडावे, त्या जागी भराभर वाढणाऱ्या किंवा भाव येणाऱ्या एकाच जातीची लागवड करावी, बँकांचे कर्ज घेता यावे म्हणून त्यासाठी महामंडळे काढावीत, हे सूत्र आयोगाच्या आधीच्या अहवालापासूनच रुजले होते. १९७४ साली स्थापन झालेले आपले वन विकास महामंडळ याच सूत्राचे अपत्य. मोह, चार, तेंदू, बेहडा, ऐन यांचे नांदते जंगल जाऊन सागाच्या रांगा आल्या. सागाची पाने गुरे खात नाहीत आणि सागाखाली फुले वेचता येत नाहीत. बस्तरमध्ये तर जागतिक बँकेच्या साह्याने सालवृक्षांच्या जागी परदेशी पाइन लावण्याचा बेत ठरला होता. आदिवासींनी तो हाणून पाडला म्हणून साल वाचला. त्या पाइनची योजनाही अतिशय सक्षम तज्ज्ञांनीच केली होती.

१९९० च्या जून महिन्यात केंद्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचे पत्रक काढले. पश्चिम बंगालमधील अराबारीच्या प्रयोगात गावकऱ्यांना उत्पन्नाचा वाटा देऊन तोडलेले सालवन पुन्हा उभे राहिले होते, त्याचा हा देशव्यापी विस्तार होता. हेतू वाईट नव्हता. परंतु समितीचा सचिव वनखात्याचा, समितीची मान्यता काढून घेण्याचा अधिकार वनखात्याचा आणि सूक्ष्म आराखडाही वनपालाने लिहावयाचा, अशी ही भागीदारी होती. महाराष्ट्रात १९९२ पासून जागतिक बँकेच्या कर्जातील वनप्रकल्पाने या समित्यांना निधी पुरविला. प्रकल्प संपला आणि अनेक ठिकाणी समितीचे अस्तित्व भिंतीवरील फलकापुरते उरले. ज्या संस्थेला अधिकार नसतो ती संस्था अनुदानाबरोबर जन्मते आणि अनुदानाबरोबर मरते.

आकड्यांचे अरण्य

यावर उत्तर असे मिळते की, ती जुनी गोष्ट झाली. आता उपग्रह आहेत, संगणक आहेत, खोटा आकडा टिकणार नाही. आकडा खोटा असण्याची गरजच नसते. व्याख्या सोयीची असली की पुरे. ऐंशीच्या दशकात राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने उपग्रहचित्रांवरून दाखविले की १९७२-७५ मध्ये ५.५५ कोटी हेक्टर असलेले वनाच्छादन १९८०-८२ पर्यंत ४.६३ कोटी हेक्टरांवर आले. दिल्लीत खळबळ उडाली. मग १९८१ साली स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या आकड्यांशी त्याचा 'मेळ' घालण्यात आला आणि १९८७ च्या पहिल्या अहवालात वनाच्छादन सुमारे ६.४ कोटी हेक्टर असल्याचे जाहीर झाले. जंगलात एक रोपही न लावता कागदावर कोट्यवधी हेक्टर अरण्य उगवले.

आजही एक हेक्टर जागेवर दहा टक्के छत्र असले की ती जागा वनाच्छादित धरली जाते. मग ती जमीन कोणाची, झाडे कोणती, हे पाहिले जात नाही. निलगिरीचा मळा, आंब्याची बाग, नारळीची वाडी आणि सह्याद्रीची देवराई या हिशेबात शेजारी शेजारी बसतात. २०२३ च्या अहवालात देशाचे वनाच्छादन २१.७६ टक्के आणि वृक्षाच्छादनासह २५.१७ टक्के दाखविले आहे. या वाढीवर अभिनंदनाचे ठराव होतात. गावाचे मोहाचे झाड तुटले आणि दूरच्या तालुक्यात सुबाभूळ उभे राहिले, तर या हिशेबात काहीच घडलेले नसते.

याच हिशेबातून भरपाई वनीकरणाचा व्यवहार चालतो. खाण, धरण वा महामार्ग यांसाठी जंगल द्यावयाचे आणि त्याची किंमत एका निधीत भरून घ्यावयाची. २०१६ साली त्यासाठी कायदा झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये राज्यांना ४७,४३६ कोटी रुपये वाटण्यात आले. क्षमतेची ददात असणाऱ्या खात्याजवळ एवढी रक्कम आली, तेव्हा तिचा विनियोग ग्रामसभेच्या संमतीने व्हावा अशी मागणी संसदेत झाली होती. नियमांत आला तो केवळ विचारविनिमय. आणि तोही ग्रामसभेशी किंवा वनखात्यानेच घडविलेल्या समितीशी. ग्रेट निकोबार बेटावरील सुमारे १३० चौरस किलोमीटर सदाहरित अरण्य प्रकल्पासाठी द्यावयाचे आणि त्याची भरपाई हजारो किलोमीटर दूर हरियाणात झाडे लावून करावयाची, हा प्रस्ताव ज्या यंत्रणेला हास्यास्पद वाटला नाही, तिच्या हाती आणखी सामर्थ्य दिल्याने काय साधेल?

मेंढ्याने काय सिद्ध केले?

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण त्या घोषणेमागची शिस्त तितकी ठाऊक नाही. गावाने अभ्यासगट चालविला, कायद्यांची कलमे वाचून घेतली, निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याचा नियम पाळला. श्री. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि कै. मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ या गावाला लाभली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्यास वनखाते तयार नव्हते. वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरविला होता, पण १९२७ च्या कायद्यात तो 'झाड' म्हणून नोंदलेला होता, आणि दोन कायद्यांपैकी जो जुना व इंग्रजी अमदानीचा तोच खात्याला प्रमाण वाटत होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री आणि राज्याचे मुख्यमंत्री गावात गेले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. एका गावाला स्वतःचा बांबू विकता यावा म्हणून दोन सरकारांना गावात यावे लागले, यावरून कोणाची क्षमता अपुरी होती ते ध्यानात यावे.

त्यानंतर काय झाले? जंगल लुटले गेले का? मेंढ्याने कोणता भाग तोडावयाचा आणि कोणता राखावयाचा ते ठरविले, पैशाचा हिशेब ग्रामसभेत मांडला. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ साली हक्क मिळाला. त्या गावाने बांबूवर रोजगार उभा केला आणि तेंदूपत्त्याच्या तोडीत फांद्यांची छाटणी होते, वणवे लागतात, म्हणून रोख पैसा देणारा तो व्यवहार स्वखुशीने बंद केला. तेंदूचे झाड वाचले तर तेंदूची फळे खाता येतील, असा त्यांचा साधा विचार होता. कोणत्या कार्य आयोजनेत असा महसूल सोडून देण्याचा निर्णय आजवर लिहिला गेला आहे? गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत आणि कित्येक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करीत आहेत. हिंदुस्थानातील वननियोजनाचा हा सर्वांत मोठा लोकशाही प्रयोग आहे, आणि तो महाराष्ट्रात चालू आहे.

सीमेपलीकडे नेपाळचा दाखला आहे. १९५७ साली नेपाळने सारी जंगले सरकारी केली. राखणदार नाहीसा झाला आणि डोंगर उघडे पडले. पुढे १९९३ च्या कायद्याने जंगले उपभोक्ता गटांकडे सोपविण्याची वाट खुली केली. आज असे बावीस हजारांहून अधिक गट तेथे आहेत. उपग्रहचित्रांवरून झालेल्या एका अभ्यासानुसार १९९२ मध्ये २६ टक्के असलेले नेपाळचे वनाच्छादन २०१६ पर्यंत ४५ टक्क्यांवर गेले. स्थलांतरासारखी दुसरीही कारणे त्यामागे आहेत. परंतु सरकारी ताब्यात जे झाले नाही ते गावाच्या ताब्यात झाले, हे कोणी नाकारीत नाही. याच नेपाळचा एक कडू धडाही घ्यावयास हवा. २००० नंतर तेथे प्रत्येक गटाच्या आराखड्यासाठी शास्त्रीय वृक्षगणना सक्तीची झाली. ती करणारे तंत्रज्ञ पुरेसे नव्हते, म्हणून अनेक गटांचे आराखडे मुदत संपून पडून राहिले आणि हक्क असून हात बांधले गेले. तांत्रिक अट ही पुष्कळदा हिरावलेला अधिकार परत घेण्याचे मागचे दार असते.

कायदा एक, कारभार दुसरा

आपल्याकडे हेच मागचे दार आता उघडले जात आहे. वनहक्क कायद्याच्या २०१२ साली सुधारलेल्या नियमांप्रमाणे ग्रामसभेच्या समितीने जंगलाच्या संवर्धनाचा व व्यवस्थापनाचा आराखडा करावयाचा आहे, आणि वनखात्याच्या कार्य आयोजनेशी त्याचा मेळ घालताना जे फेरबदल आवश्यक वाटतील ते ठरविण्याचा अधिकार त्या समितीचा आहे. नियमाची भाषा स्वच्छ आहे. व्यवहारात मात्र १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाचा आधार घेऊन कार्य आयोजना हाच जंगलाचा अंतिम कायदा असल्यासारखे खाते वागते. तो आदेश बेबंद तोड थांबविण्यासाठी होता. गावाचा हक्क थांबविण्यासाठी नव्हता. शिवाय तो संसदेने वनहक्क कायदा करण्यापूर्वी दहा वर्षे दिलेला आहे.

२०१४ च्या मे महिन्यात महाराष्ट्र शासनाने ग्रामवनांचे नियम काढले आणि वनहक्क कायद्याला समांतर अशी, खात्याच्या मर्जीवर चालणारी व्यवस्था उभी केली. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानेच त्यावर आक्षेप घेतला होता. मे २०२५ मध्ये छत्तीसगडच्या वनखात्याने पत्रक काढून सामूहिक वनहक्कांच्या अंमलबजावणीत स्वतःला प्रमुख यंत्रणा घोषित केले आणि गावांचे आराखडे राष्ट्रीय कार्य आयोजना संहितेच्या चौकटीत बसविण्याचा आग्रह धरला. आदिवासी रस्त्यावर आले तेव्हा जुलैत ते पत्रक मागे घ्यावे लागले. पत्रक मागे गेले. वृत्ती गेलेली नाही.

दुसरीकडे, ज्या शासनाला गावावर भरवसा नाही त्याचा कंपन्यांवरील भरवसा वाढत आहे. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी, जंगल वळते करण्यास केंद्राने मान्यता देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती पाहण्याची जबाबदारी केंद्राच्या अंगावरून काढून राज्याकडे ढकलली. २०२३ च्या दुरुस्तीने सीमाभागातील प्रकल्पांसह अनेक कामे कायद्याच्या कक्षेबाहेर नेली. त्याच वर्षी आलेल्या 'हरित पत' योजनेने खाजगी पैशातून 'निकृष्ट' वनभूमीवर लागवड करण्याचा मार्ग मोकळा केला. खात्याच्या दप्तरातील निकृष्ट वनभूमी म्हणजे बहुधा कोणाचे तरी चराऊ रान असते. गडचिरोलीत सूरजागडच्या टेकडीवर ग्रामसभांचा विरोध असताना लोहखाण चालते, आणि त्याच जिल्ह्यात ग्रामसभेचा आराखडा 'अशास्त्रीय' म्हणून परत येतो. शास्त्राची ही कसोटी डोंगर पोखरणाऱ्या यंत्रांना कधी लावली जाते काय?

दोन आक्षेप

प्रामाणिक वाचकाच्या मनात दोन शंका येतील. पहिली अशी की, गाव हे काही रामराज्य नव्हे. तेथे मालक आहे, मजूर आहे, दारूवाला आहे, ठेकेदाराचा हस्तक आहे. बाई सभेत बसते पण बोलत नाही. ही शंका समाजवाद्यांनी कधीच झटकू नये. तेंदूपत्त्याच्या व्यवहारात ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकविल्याच्या तक्रारी आहेत आणि काही ठिकाणी चार शहाण्यांनीच ग्रामसभेच्या नावे सह्या केल्या आहेत. परंतु त्यावरचा इलाज अधिक लोकशाही हा आहे. उघडा हिशेब, स्त्रियांची गणसंख्या, पाड्यापाड्याची स्वतंत्र ग्रामसभा हे उपाय कायद्यात आहेतच. विधानसभेत भ्रष्टाचार होतो म्हणून आपण राज्य इंग्रजाला परत देत नाही.

दुसरी शंका अशी की, जंगल हे एका गावाचे नसते. नदी, पाऊस, वाघ यांना शिवेचा दगड ठाऊक नसतो, म्हणून वरची योजना हवीच. हे खरेच आहे आणि म्हणूनच आम्ही शासनाच्या विसर्जनाची मागणी करीत नाही. शासन दुबळे करून बाजाराला मोकळे रान द्यावयाचे, हा धनिकांचा कार्यक्रम आहे; आमचा नव्हे. डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तिच्यात गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे चार खांब होते. आज वनकारभाराचे छत दोनच खांबांवर, केंद्र आणि प्रांत यांवर, तोललेले आहे. खालचे दोन खांब उभे करणे म्हणजेच वरच्यांना खरे सामर्थ्य देणे होय.

शासनाने काय करावे?

शासनाच्या क्षमतेची वाढ कोणत्या दिशेने व्हावी, हे आता स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट, जेथे सामूहिक वनहक्क मान्य झाला आहे तेथे ग्रामसभेचा आराखडा हीच त्या क्षेत्राची कार्य आयोजना मानली जावी, असा निःसंदिग्ध आदेश राज्याने काढावा. जिल्ह्याची योजना गावांच्या योजनांमधून वर चढत जावी. मुख्यालयातून खाली उतरू नये.

दुसरी गोष्ट, खात्याजवळचे कूपांचे नकाशे, वृक्षगणनेची दप्तरे आणि जुन्या कार्य आयोजना मराठीत आणि शक्य तेथे गोंडी, माडिया, कोरकू, भिली या भाषांतून समजावून गावाच्या हाती द्याव्यात. जे ज्ञान सरकारी गुपित म्हणून कपाटात राहते त्याला नियोजन म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट, प्रत्येक ग्रामसभेतील मुलामुलींना मोजणी, नकाशा आणि हिशेब यांचे शिक्षण द्यावे आणि त्यांना वेतन ग्रामसभेमार्फत मिळावे. वनरक्षक आणि वनपाल यांच्या कामाचे स्वरूप बदलून त्यांना कृषिखात्याच्या विस्तार सेवकासारखे सल्लागार करावे. खात्यात निष्ठेने काम करणारी आणि उन्हातान्हात रान तुडविणारी पुष्कळ माणसे आहेत. रोजंदारी वनमजूर तर वणव्याशी झुंजतो आणि हक्काच्या वेतनाला मुकतो. या माणसांना दंडुका देऊन गावावर सोडण्याऐवजी पट्टी आणि कंपास देऊन गावाबरोबर बसवावे.

चौथी गोष्ट, भरपाई वनीकरणाच्या निधीतील वाटा ज्या गावाचे जंगल गेले त्या गावाच्या ग्रामसभेकडे थेट जावा आणि कोणते झाड लावावयाचे ते तिने ठरवावे.

पाचवी गोष्ट, वन विकास महामंडळाकडे असलेल्या ज्या क्षेत्रांवर गावांचे दावे आहेत, तेथील तोड दाव्यांचा निकाल लागेपर्यंत थांबावी.

आणि सहावी गोष्ट, तेंदू, मोह, बांबू, हिरडा यांना किमान भावाची हमी शासनाने द्यावी, गोदामे बांधावीत आणि पैसे बुडविणाऱ्या ठेकेदाराला परवाना नाकारावा. बाजारात एकट्या ग्रामसभेला व्यापाऱ्यांच्या साखळीशी झगडता येत नाही. शासनाचे बळ तेथे लागते आणि नेमके तेथेच ते आजवर दिसलेले नाही.

यांतील एकाही मागणीला नवा कायदा लागत नाही. लागते ती सत्ता सोडण्याची तयारी. कर्जाचे प्रस्ताव, उपग्रहांची चित्रे आणि सल्लागारांचे अहवाल यांची उणीव आपल्याला कधीच नव्हती. म्हणून महाराष्ट्रातील समाजवादी कार्यकर्त्यांपुढचे काम उघड आहे. येत्या वर्षात आपापल्या तालुक्यातील सामूहिक वनहक्काच्या दाव्यांची यादी हाती घ्यावी, ज्या गावांना हक्क मिळाला तेथे आराखड्याच्या कामाला बसावे, ज्यांचे दावे पडून आहेत त्यांच्यासाठी उपविभागीय समितीच्या दारात धरणे धरावे. १९३० साली चिरनेरच्या शेतकऱ्याने आपल्या डोंगरावर कोयता नेला तेव्हा तो गुन्हा होता. आज त्याच्या नातवाने त्याच डोंगराचा आराखडा लिहावयास घेतला तर कायदा त्याच्या बाजूने आहे. पक्षाने त्याच्या शेजारी बसले पाहिजे.